दसरूनं ओ दिली नाही

फागुन सरत आला होता तरी पहाटे घोंगडी सोडवत नव्हती. रात्रभर आभाळ भरून होतं. आभाळ आलं की मोहाचं फूल झाडावरच अडून बसतं, म्हणून मुरकूटोल्यातली माणसं त्या दिवशी उशिरानं उठली. दसरू मात्र अंधारातच निघाला होता. त्याची झाडं गावाच्या कडेला, रुळाच्या बाजूला. आदल्या संध्याकाळी त्यानं खालचा पाला जाळून जमीन काळी करून ठेवली होती. उजाडता उजाडता वारा पडला, आभाळ फाटलं आणि फुलं टपटपायला लागली. दसरू उकिडवा बसून वेचू लागला. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं त्याला नव्हती, पण हात भरभर चालायचा.

सूर्य वर आला तसा सालेकशाच्या बाजूच्या दाट रानात बायामाणसांचा घोळका शिरला. पुढच्यानं कूऽऽ केली. मागून एकेकाची ओ आली. दसरूनं मान वर केली नाही.

त्या गावात रानात एकटं कोणी जात नाही. वाघ आहे, अस्वल तर मोहाच्या दिवसांत झाडाखाली झिंगूनच बसलेलं असतं. घोळक्यातला पुढचा माणूस थोड्या थोड्या वेळानं कू करतो आणि मागचे सगळे ओ देतात. एक ओ कमी पडली की सगळी रांग उलटी फिरते, का म्हणून कोणी विचारत नाही. आणि मधल्या कोणी अवेळी कू केली तर ऐकणाऱ्यानं हातातली टोपली टाकून आवाजाकडे धावायचं. पोरं चालायला लागतात त्याच्या आसपास हे शिकतात.

दसरूच्या कूला कोणी ओ देत नव्हतं. पलटणीतून परत आल्यावर पहिल्या मोहाला त्यानं रानात कू केली, तेव्हा समोरचा घोळका बोलायचाच थांबला होता. गावानं त्याला वाळीत टाकलं नव्हतं. विहीर मोकळी होती, विस्तव मिळत होता, लग्नात पत्रावळ मांडली जायची. पण ओ नाही म्हणजे दाट रान नाही. रान नाही म्हणजे मध नाही, बांबू नाही, विडीच्या पानांचा तेंदू नाही, आणि अशा घरात पोरगी कोण देतो? हा त्याचा तिसरा मोहा होता, रुळाकाठच्या झाडांचा.

आज दुपारी बैठक होती. तेंदूच्या झुडपांची छाटणी तोंडावर आली होती आणि रानात कोणाच्या घोळक्यात कोण जाणार हे ठरायचं होतं. दसरूनं ठरवलं होतं की आज मागायचं. काल संध्याकाळी तो टिकारामच्या घरी जाऊन आला होता. टिकाराम म्हणाला होता, तू बोल, मी तुझ्यामागे उभा राहतो. त्या शब्दावर दसरूला रात्री चांगली झोप लागली होती.

टिकाराम, दसरू आणि चैतराम एकाच दिवशी गोंदियाला जाऊन भरती झाले होते. स्वातंत्र्य मिळून वर्षच झालं होतं, काश्मीरकडे धुमश्चक्री चालू होती आणि ओझी वाहायला, रस्ते उकरायला मजूर पलटणीत माणसं घेत होते. टिकाराम तलावाखालच्या धानवाल्या शेतकऱ्याचा पोरगा. गोंदियाच्या राइस मिलमध्ये वर्ष काढून आलेला, हिंदी फाडफाड बोलायचा. भरतीवाल्या बाबूशी तोच बोलला, या दोघांनी माना हलवल्या. दसरू आणि चैतराम चुलतभाऊ. दसरूचे मायबाप तापाच्या साथीत गेले तेव्हा चैतरामच्या मायनं, रुख्माबाईनं, त्याला उचलून घरात आणलं. तो तिला मोठीमाय म्हणायचा. एका थाळीत दोघांना बासी भात वाढायची आणि कोणी जास्त खाल्लं यावरून दोघांनाही मारायची.

आगगाडी, ट्रक, खेचरं आणि शेवटी पाय, असं करत तिघं अशा डोंगरात पोचले जिथे मोठी झाडं संपून नुसता बर्फ होता. चैतरामनं पहिल्या दिवशी मूठभर तोंडात घातला आणि म्हणाला, "गोंदियाच्या गोळेवाल्याचं गोदाम येथीच हाये वाटते गा. रंग तेवढा टाकाचा राहिला."

वरच्या चौकीवर रसद पोचवायचं काम या तिघांकडे आलं. पायाला लांब लाकडी फळ्या बांधायच्या आणि बर्फावरून सरकत जायचं; चढ लागला की फळ्यांखाली केसाळ चामड्याचे पट्टे आवळायचे, म्हणजे फळी मागे घसरत नाही. चैतराम आठवड्यात असा सरकायला लागला की जणू जन्मला तेव्हाच पायाला फळ्या होत्या. दसरू जेमतेम. टिकाराम दर वळणाला पडायचा आणि फळीला शिव्या घालायचा.

वाटाड्या होता नामग्याल, लडाखकडचा, पन्नाशीचा. हिंदी तोडकी. पण त्यानं या तिघांना बर्फ दाखवला. उतारात फावड्यानं उभा खड्डा घ्यायचा आणि भिंतीला बोट लावून थर सांगायचा. वरचा थर वाऱ्यानं दाबलेला, खापरासारखा टणक. त्याच्याखाली जाडसर साखरेसारखे सुटे दाणे. मुठीत कितीही दाबले तरी लाडू वळत नाही. खापर दाण्यांवर नुसतं टेकलेलं आहे, नामग्याल म्हणायचा. एक माणूस हलक्या पायानं गेला तर ते सोसेल. दोन गेले तर सगळा उतार उठून खाली येईल, झोपडीचं छप्पर घसरावं तसा. वारा कोणत्या बाजूनं वाहिला ते बघा, कारण बर्फ उचलून तो धारेच्या पलीकडे नेऊन टाकतो आणि तीच बाजू फसवी. पायाखाली धप्प असा पोकळ आवाज आला तर समजा की खालचे दाणे बसले. ऊन चढायच्या आत पार व्हा. उतारावर पाठीच्या ओझ्याचे पट्टे सैल ठेवा. कमरेला लांब लाल दोरी बांधून मागे सोडा, गाडले गेलात तर तिचं टोक तरी वर दिसेल.

आणि तो हाताची बोटं एकेक उघडून म्हणायचा, "एक-एक. आवाज नहीं. पीछेवाला हिलेगा नहीं, आगेवाला लौटेगा नहीं."

रात्री तंबूत चैतरामला हे पचायचंच नाही. तो म्हणायचा, मुरकूटोल्यात हे सांगितलं तर मोठीमाणसं कानाखाली वाजवतील. भाऊ पडला तर बघत उभं राहायचं, असला मुलूख कोठी हाये बाप्पा. टिकाराम हसायचा आणि म्हणायचा, तू फळ्यांवर चांगला म्हणून नामग्यालची अक्कल काढू नको. दसरू ऐकून घ्यायचा. त्यालाही ते उलटंच वाटायचं. पण खड्ड्याच्या भिंतीला त्यानं स्वतः बोट लावून पाहिलं होतं, आणि दाणे खरंच झरझर गळाले होते.

त्या दिवशी बरंच वादळ होऊन गेल्यावर आभाळ निवळलं होतं. चौकीवर तेल संपलं होतं, जाणं भाग होतं. ज्या उतारावरून जायचं त्याच्या वरच्या धारेला बर्फाची झालर लोंबत होती. नामग्याल बराच वेळ बघत राहिला. मग एकट्यानं पार झाला. पलीकडच्या खडकाशी पोचून त्यानं हात वर केला, मग दसरू गेला. दसरू पोचल्यावर टिकाराम निघाला. चैतराम मागे, खुरट्या झाडांत, आपल्या पाळीची वाट बघत उभा.

टिकाराम अर्ध्यात आला आणि त्याच्या पायाखाली धप्प झालं. त्यानं खाली पाहिलं. फळीच्या टोकापासून एक बारीक भेग पुढे पळत गेली. दसरूला इकडून ती भेग दिसत नव्हती, टिकाराम तेवढा दिसत होता, वाकलेला, काठ्या धरून. चार पावलं पुढे टाकली असती तर तो निघाला असता. त्यानं टाकली नाहीत. तो खाली बसला, तोंडाशी हात नेला आणि रानात देतात तशी कू दिली.

मागून लगेच ओ आली. चैतराम झाडांतून सुटलाच होता. तो वरच्या अंगानं आला, सरकत, वेगात, फळ्यांनी उतार आडवा चिरत. दसरूचे पायही उचलले होते. नामग्यालनं मागून त्याचा पट्टा धरला आणि त्याला खडकावर दाबून ठेवला. म्हातारा माणूस, पण पकड लोखंडाची.

मग उतार उठला. आवाज मोठा नव्हता; कोणीतरी लांबलचक सतरंजी ओढावी तेवढाच.

सगळं थांबल्यावर दोघं उतरले. टिकारामचा एक हात कोपरापर्यंत बर्फाबाहेर होता. चैतरामचं काहीच दिसत नव्हतं. लाल दोरी कुठेच नव्हती. बर्फ कुटलेल्या चुन्यासारखा घट्ट बसला होता. दसरूनं थाळीनं, फळीच्या टोकानं, मग नुसत्या हातांनी टिकारामला उकरून काढला. तोंड मोकळं झालं तेव्हा तो निळा होता, पण श्वास आला. मग लांब काठ्या खुपसत ते खाली खाली गेले. चैतराम दुपारनंतर हाताला लागला. त्याची दोरी त्याच्याच कमरेला नीट गुंडाळलेली होती. एवढी पक्की लाल दोरी बर्फात ओढून खराब कशाला करायची, घरी वासराच्या गळ्यात शोभेल, असं तो आदल्या दिवशी म्हणाला होता.

इस्पितळात दसरूची दोन बोटं टोकाशी कापली. शेजारच्या खाटेवर टिकाराम, मांडीचं हाड मोडलेला. त्याला घरी पाठवायचं ठरलं तेव्हा तो रडला. म्हणाला, गावात सांगू नको की कू मी दिली. मोठीमाय मला जगू देणार नाही. मी जाऊन सांगतो की डोंगर फुटला, कोणाचा दोष नाही. दसरूनं त्याच्या हातावर हात ठेवला आणि शब्द दिला.

दसरू वर्षभरानं परतला. रुख्माबाईनं त्याला पाणी दिलं, तो प्यायला, आणि मग तिनं एकच विचारलं. "चैतूची कू तुले आयकू आली होती का?"

दसरूला कळेना ती काय विचारते आहे. मग कळलं. टिकारामनं आपली कू मेलेल्याच्या तोंडी घातली होती. चैतू मागे अडकला, त्यानं कू दिली, दसरू पुढे होता, दसरूनं ओ दिली नाही. अशी ती गोष्ट घरोघर जाऊन बसली होती. दसरूनं खरं सांगितलं नाही. शब्द दिलेला होता. तिनं त्याच्या हातातला लोटा घेतला आणि आत गेली.

तेव्हापासून दर वेळी टिकाराम भेटला की म्हणायचा, थोडं थांब, लोक विसरतील. मी काय बोलून गेलो ते माझं मलाच कळलं नाही, तापात होतो. आणि दरम्यान लोकांनी टिकारामला तेंदूच्या घोळक्याचा आगेवान केला. पाय किंचित ओढतो, पण मरणाच्या दारातून आलेला माणूस, त्याच्या कूला वजन. रुख्माबाईच्या घरी बांबूचा भारा तोच टाकायचा.

मोहाची फुलं अंगणात पसरून दसरू बैठकीला गेला. चिंचेखाली सगळे बसले होते. मधोमध खेमराजकाका, गावातला जुना माणूस, बैठकीचा शब्द त्याचा. बाया एका अंगाला, त्यांत रुख्माबाई.

दसरूनं उभं राहून सांगितलं की त्याला यंदा घोळक्यात यायचं आहे. आणि पहिल्यांदाच त्यानं बर्फाची गोष्ट केली. खापराचा थर, साखरेचे दाणे, एकेकानं जायचं, पुढच्यानं परतायचं नाही. त्याला बोलायची सवय नव्हती. हातानं जमिनीवर उतार काढून दाखवू लागला तर कोणी हसलं. रामलाल म्हणून एक होता, तो म्हणाला, साखरेचा डोंगर होता तर दोन पोती इकडे का नाही आणली. हशा पिकला. कोणी म्हणालं, भावाकडे पाठ करायचा नियम करणारं सरकार कुठलं.

खेमराजनं हात वर केला. त्याला हसू आलं नव्हतं. तो टिकारामकडे वळला. "तू होता तेथी. असा नियम होता का गा?"

टिकाराम मांडीवर हात घासत होता. दसरू त्याच्याकडे बघत होता. काल संध्याकाळी ज्या तोंडानं हो म्हटलं त्याच तोंडाकडे.

"नियम तं लय होते, काका," टिकाराम म्हणाला. "असा काही मले आठवून नाही राहिला."

आणि तो खाली बघू लागला.

दसरू म्हणाला, "कू चैतूनं नाई देल्ली. यानं देल्ली. टिकारामनं. चैतू याले ओ देऊन धावला, तेथीच गेला."

टिकारामची बायको उठून उभी राहिली आणि पुन्हा बसली. टिकाराम नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या होत्या, फक्त रुख्माबाईची सोडून. ती दसरूकडेच बघत होती. तिच्या तोंडावर असं काही आलं होतं जे गेल्या कित्येक वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं.

"म्हंजे माह्या पोरानं ओ देल्ली," ती म्हणाली.

"देल्ली, मोठीमाय. लगेच देल्ली."

"धावला."

"धावला."

"अन् तूनं?"

दसरू म्हणाला, नामग्यालनं धरून ठेवलं. मीही गेलो असतो तर तिघंही खाली गेलो असतो, मग टिकारामला कोणी उकरलं असतं.

"धरून ठेवलं अन् तू धरलेला राहिला," रुख्माबाई म्हणाली. "याले काढलं. माह्याले काऊन नाही काढलं आधी?"

"याचा हात दिसत होता, मोठीमाय."

तिनं पदर तोंडाला लावला. तो रडण्यासाठी नव्हता. तिला पुढे बोलायचं नव्हतं. बाजूच्या बाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. चैतू ओ देऊन गेला, चैतू मुरकूटोल्याचा पोरगा होता, असं कोणीतरी हळूच म्हणालं आणि ते चिंचेखाली एका तोंडून दुसऱ्या तोंडी फिरलं. टिकारामनं कू दिली, तर बिचारा घाबरला होता, घाबरल्यावर माणूस कूच देणार. तेवढ्यासाठी तर कू आहे. त्यात कोणाला काही वावगं दिसलं नाही. लबाडी केली तेवढी वाईट, असं खेमराज म्हणाला, आणि टिकारामला त्याबद्दल रुख्माबाईच्या पाया पडायला लावलं. टिकाराम पडला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

मग दसरूचं. खेमराज म्हणाला, तू खोटा नाहीस हे दिसलं. पण रानात मागून कू आली आणि कोणी तुझा पट्टा धरला, तर तू काय करशील हे आता आम्हाला माहीत आहे. घोळका ठरला आणि त्यात दसरूचं नाव आलं नाही. आगेवान टिकारामच राहिला.

दसरू घरी आला. मोहाची फुलं उन्हानं आक्रसू लागली होती, ती त्यानं हातानं उलटीपालटी केली आणि मागे खळ्याकडे गेला. लाखोरीच्या वाळल्या शेंगांचा ढीग सकाळपासून तसाच होता. मळणीला बैल जुंपणार एवढ्यात कुंपणाशी टिकाराम उभा दिसला. आत आला नाही.

"तूनं शब्द देल्ला होता," टिकाराम म्हणाला.

दसरूला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"बायकोसमोर, पोरासमोर. मले पाया पडाले लावलं."

"तूनं काल हो म्हटलं होतं. मांगे उभा राहतो म्हटलं होतं."

"म्हटलं होतं. तेथी बसल्यावर माह्या ध्यानात आलं." टिकारामनं कुंपणाची काडी मोडली. "नियम होता म्हटलं असतं अन् मंग कू माही होती हे निंगालं असतं तं लोक म्हणले असते, नियम माहीत होता तं मंग कू कायले देल्ली? मी आठवत नाही म्हटलं म्हणून तं वाचलो."

हे त्यानं अगदी सरळ सांगितलं, हिशेब जुळल्यासारखं, आणि दसरूनंही तो जुळलेला पाहावा अशा नजरेनं त्याच्याकडे बघितलं.

"मंग देल्ली कायले?" दसरूनं विचारलं. इतक्या वर्षांत त्यानं हे कधी विचारलं नव्हतं.

"भेव लागला गा."

"एवढंच तेथी म्हणाचं होतं. नियम होता, पन मले भेव लागला."

टिकारामनं कुंपण सोडलं. पाय जरा ओढत तो पाणंदीनं गेला. वळणावर त्याला कोणी भेटलं. राम राम झाला, कोणीतरी तेंदूचं काही विचारलं आणि तो नेहमीच्या आवाजात उत्तर देऊ लागला. दसरूला शब्द ऐकू येत नव्हते, आवाज येत होता.

दिवस कलायला आला होता. लाखोरी आज मळून झाली नाही तर रात्रीच्या दहिवरानं शेंगा चिवट होतात. दसरूनं ढीग खळ्यात गोल पसरला, बैलांच्या तोंडाला मुसकी बांधली आणि आतल्या बैलाच्या पाठीवर थाप मारली. बैल फिरू लागले. तो त्यांच्यामागे फिरत, पायानं बाहेर सरकलेल्या शेंगा आत लोटत राहिला.